रोबेर्त गेरहार्ड : देशोधडीस लागलेला एक स्वरकार

इसवी सन १९३९ च्या आरंभी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे आंतरराष्ट्रीय समकालीन संगीत संघाच्या परीक्षकमंडळाचे काम चालू होते. त्या वर्षीच्या उत्सवात निरनिराळ्या देशांतील कोणत्या नव्या रचना वाजवावयाच्या, हे ठरविण्याचा अधिकार या मंडळाकडे असे. मंडळात बार्सेलोनाहून आलेला बेचाळीस वर्षांचा एक कातालान स्वरकार होता. निवडीचे काम आटोपले, पण त्यास परत जावयास गाव उरले नाही. २६ जानेवारी १९३९ रोजी जनरल फ्रान्कोच्या फौजा बार्सेलोनात शिरल्या. हा गृहस्थ पॅरिसपर्यंत येऊन थांबला, तेथून त्याच वर्षी इंग्लंडात केंब्रिजला गेला, आणि पुढील तीस वर्षे तेथे राहून ५ जानेवारी १९७० रोजी तेथेच मरण पावला. त्याचे नाव रोबेर्त गेरहार्ड. इंग्रजी कार्यक्रमपत्रिकांतून तो ‘रोबेर्तो’ या स्पॅनिश नावाने वावरला. ज्या गावी जन्मला तेथे मात्र तो अखेरपर्यंत ‘रोबेर्त’च राहिला. एकाच मनुष्याची दोन नावे दोन देशांत चालावी, यात त्याच्या चरित्राचा बराचसा भाग आला.

स्पेनमधील यादवी युद्धाचे नाव आमच्या वाचकांस अगदीच अपरिचित असेल असे नाही. जून १९३८ मध्ये पंडित नेहरू बार्सेलोनास गेले होते आणि बॉम्बहल्ल्यांखालचे ते शहर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले त्याचे प्रमुख डॉ. अटल हे तत्पूर्वी स्पेनमध्ये जखमींची शुश्रूषा करून आले होते. परंतु त्या युद्धाने तेथल्या विद्येची व कलांची जी धूळधाण केली, तिच्याकडे आमच्या साहित्यात क्वचितच कोणी पाहिले आहे. लोर्का मारला गेला एवढे आपणांस ठाऊक असते. जे मेले नाहीत, परागंदा झाले, आणि परमुलखात बसून पुढे काम करीत राहिले, त्यांचे काय झाले हा प्रश्न आम्हांस अधिक अवघड वाटतो, आणि गेरहार्डच्या निमित्ताने तोच येथे विचारावयाचा आहे.

बार्सेलोनाच्या नैर्ऋत्येस, तारागोना शहरापासून जवळ, वाय्स नावाचे एक जुने गाव आहे. २५ सप्टेंबर १८९६ रोजी गेरहार्डचा जन्म येथे झाला. माणसांच्या खांद्यांवर माणसे चढवून उंच मनोरे रचण्याची कातालान लोकांची जी प्रसिद्ध चाल आहे, तिचे माहेरघर हेच गाव. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे दहीहंडीचे थर लागतात, ते ज्याने पाहिले आहेत त्यास या मनोऱ्यांची कल्पना सहज येईल. भेद इतकाच की तेथे हंडी नसते, मनोरा रचून तो सुखरूप उतरविणे हेच साध्य असते. थर चढू लागले की ‘ग्राय्या’ नावाचे सनईच्या जातीचे एक कर्कश वाद्य वाजू लागते व त्या सुरांवरून खालच्या माणसांस वर काय चालले आहे ते कळते. अशा गावात ज्याचे बालपण गेले त्याच्या कानात काय साठून राहिले असेल हे निराळे सांगावयास नको.

मात्र घर कातालान नव्हते. बाप जर्मनभाषी स्विस, मद्याच्या व्यापारात पडलेला, आई आल्सेसची. मुलाने धंदा सांभाळावा म्हणून त्यास व्यापारी शिक्षणासाठी स्वित्झर्लंडात धाडण्यात आले. मुलगा तेथून संगीताचे वेड घेऊन आला. पुढे म्यूनिकला शिकावयास गेला तो पहिल्या महायुद्धाने परत आला. बार्सेलोनात तो ग्रानादोस या विख्यात वादक-स्वरकाराकडे पियानो शिकू लागला. परंतु मार्च १९१६ मध्ये अमेरिकेहून परतताना ग्रानादोसची आगबोट जर्मन पाणबुडीने इंग्लिश खाडीत फोडली आणि तो पत्नीसह बुडाला. उरला तो फेलिप पेद्रेल. आल्बेनिस, ग्रानादोस आणि फाया हे स्पेनचे तीनही नामवंत स्वरकार ज्याच्या हाताखालून गेले तो हा वृद्ध पंडित. त्याने गावोगावची लोकगीते जमविली, सोळाव्या शतकातील विक्तोरियाच्या धर्मसंगीताचे खंड संपादून प्रसिद्ध केले, आणि राष्ट्राचे संगीत राष्ट्राच्या गाण्यांतून उभारले पाहिजे असे आयुष्यभर सांगितले. त्याच्या स्वतःच्या ऑपेरा मात्र रंगभूमीने फारशा जवळ केल्या नाहीत; ‘ला सेलेस्तिना’ ही तर त्याच्या हयातीत रंगमंचावर आलीच नाही. गेरहार्ड त्याचा अखेरच्या काळातील शिष्य. १९२२ साली पेद्रेल वारला.

गुरू गेला तेव्हा गेरहार्डच्या नावावर शहरजादच्या विषयावरील एक गीतमाला, एक पियानो-त्रिकूट आणि नुकतीच रचलेली जपानी हायकूच्या धर्तीची सात छोटी गीते एवढे भांडवल होते. लोकांनी त्यास होतकरू ठरविले होते. त्याचे स्वतःचे समाधान मात्र झाले नव्हते. लोकगीते गोळा करणे हे एक, आणि त्यांतून शंभर वाद्यांची भव्य रचना उभी करण्याची कारागिरी हे दुसरे. ही दुसरी विद्या आपणांस कोणी शिकविलीच नाही, हे त्याच्या ध्यानी आले. तो काही काळ वाय्सला एकांतात जाऊन राहिला, आणि १९२३ साली त्याने आपल्या रचना व एक दीर्घ पत्र व्हिएन्नास आर्नोल्ड शोएनबर्गकडे पाठविले. शोएनबर्गने त्यास बोलावून घेतले. १९२८ पर्यंत, प्रथम व्हिएन्नात व मग बर्लिनात, तो त्याच्या पायाशी बसला. स्पेनमधून शोएनबर्गकडे शिकलेला शिष्य हा एकटाच.

शोएनबर्गने नेमके काय केले हे आमच्या संगीताच्या भाषेत सांगता येण्याजोगे आहे. आपल्या सप्तकात शुद्ध, कोमल व तीव्र मिळून बारा स्वर. त्यांत षड्ज हा राजा. तंबोरा अखंड त्याचीच आठवण देतो, आणि गवई कितीही दूर गेला तरी त्यास षड्जावर परतावे लागते. पाश्चात्य संगीतातही निराळ्या रीतीने का होईना, आधारस्वराचे असेच राज्य तीनशे वर्षे चालले. शोएनबर्गने हा राजाच पदच्युत केला. बारा स्वर एका विशिष्ट क्रमाने मांडावयाचे, तो क्रम सरळ, उलट व प्रतिबिंबासारखा फिरवून त्यातूनच सबंध रचना काढावयाची, आणि कोणत्याही एका स्वरास घराचा मान द्यावयाचा नाही, अशी ही पद्धती. कानास ती प्रथम निर्वासितांची वस्ती वाटते हे कबूल केले पाहिजे. आम्हांसही तशी वाटली होती. सवयीने तिच्यात एक निराळी शिस्त व निराळे करुण ऐकू येऊ लागते. पण ती सवय लागण्यास धीर लागतो.

या पद्धतीचा गेरहार्ड नुसता अनुयायी झाला असता तर त्याच्याविषयी लिहिण्याचे कारण पडले नसते. १९२८ मध्ये त्याने फुंकवाद्यांसाठी जे पंचक रचले त्यात बारांऐवजी सात स्वरांचाच क्रम घेतला आहे, आणि त्यात कातालान गाण्यांच्या लकबी ठिकठिकाणी डोकावतात. त्याच सुमारास त्याने कातालान लोकगीतांची एक माला गळा व पियानो यांसाठी बांधली. डिसेंबर १९२९ मध्ये बार्सेलोनात केवळ त्याच्याच रचनांचा एक जलसा झाला. या जलशाने वाद पेटला. पेद्रेलचा हा शिष्य जर्मनांच्या नादी लागला, आपल्या मातीस विसरला, असा एका पक्षाचा सूर होता. गेरहार्डने वृत्तपत्रांतून उत्तरे दिली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, कारागिरीस देश नसतो. लोकगीतास चार ठराविक जोडस्वरांचा पोशाख चढवून सभेत आणणे ही काही देशभक्ती नव्हे.

हा वाद आम्हांस अगदी घरचा वाटतो. कवितेत इंग्रजी वळणे आली तेव्हा, चित्रकलेत पाश्चात्य रेखनपद्धती आली तेव्हा, आपल्याकडेही हेच आरोप व हीच उत्तरे झाली आहेत. आमचे मत गेरहार्डच्या बाजूचे आहे, परंतु एक गोष्ट त्याच्या प्रतिपक्षाच्याही पदरात घातली पाहिजे. श्रोत्यांस सोडून कलावंत फार पुढे गेला तर दोष कोणाचाही असो, एकटेपणा कलावंताच्याच वाट्यास येतो. त्या भांडणात एक गंमतीची गोष्ट घडली. ज्या लोकगीतांवरून गेरहार्ड मातीस विसरल्याचा आरोप होत होता, त्यांतील सहा त्याने वाद्यवृंदासाठी लिहून काढली. १९३२ साली व्हिएन्नातील संगीतोत्सवात ती वाजली, आणि त्यांचे संचालन केले ते शोएनबर्गच्या परिवारातील सर्वांत कडव्या आधुनिकाने, आन्टोन वेबर्नने.

१९३१ च्या एप्रिलात स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले व पाठोपाठ कातालोनियास आपले स्वायत्त शासन मिळाले. पुढील पाच वर्षे गेरहार्डच्या आयुष्यातील भरतीची होत. नुकतेच, १९३० मध्ये, पोल्दी फाइख्टेगर या व्हिएन्नाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले होते. तो शिकवू लागला, ‘मिरादोर’ नावाच्या साप्ताहिकात संगीतावर लिहू लागला, आणि कातालोनियाच्या ग्रंथालयातील संगीतविभागात जुनी हस्तलिखिते संपादू लागला; अठराव्या शतकातील तेर्रादेल्लास याची ‘ला मेरोपे’ ही ऑपेरा त्याने १९३६ मध्ये छापून काढली. म्हणजे सकाळी अठराव्या शतकाची धूळ झाडावयाची आणि रात्री विसाव्या शतकाचे स्वर लिहावयाचे, असा त्याचा दिनक्रम होता. पेद्रेल व शोएनबर्ग या दोन गुरूंपैकी एकास टाकल्यावाचून दुसरा घेता येत नाही, असे त्यास कधी वाटलेच नाही.

१९३१ च्या शरदात खुद्द शोएनबर्ग दम्यास उतार पडावा म्हणून शिष्याच्या आमंत्रणावरून बार्सेलोनास येऊन राहिला. वाय्कार्का या टेकडीवरच्या वस्तीत त्याचे बिऱ्हाड होते. तेथे त्याने ‘मोझेस आणि आरोन’ या ऑपेराचा दुसरा अंक पुरा केला आणि तेथेच मे १९३२ मध्ये त्यास कन्या झाली. हवा त्यास मानवली होती, पण नोकरी बर्लिनात होती. जूनमध्ये तो परत गेला. पुढच्याच वर्षी नाझींनी त्यास जर्मनी सोडावयास लावली. गुरू १९३३ मध्ये देशोधडीस लागला, शिष्य १९३९ मध्ये. त्या टेकडीवर गप्पा मारताना दोघांपैकी कोणासही हे स्वप्नात आले नसेल.

याच काळात गेरहार्डने आपली सर्वांत कातालान कृती लिहिली. ती म्हणजे ‘राजा जाउमेचा थोर जन्म’ ही गायकवृंद व वाद्यवृंद यांसाठीची रचना, शब्द कवी जोसेप कार्नेरचे. तेराव्या शतकातील विजेता राजा जाउमे कसा जन्मास आला याची ही दंतकथा थोडी चावट व थोडी भाविक आहे. राणीस टाकलेल्या राजाला युक्तीने अंधारात स्वतःच्याच राणीच्या शय्येवर नेण्यात येते, आणि नगरातील लोक मेणबत्त्या घेऊन प्रार्थना करीत बाहेर उभे राहतात. तिच्यातील काही भाग १९३३ मध्ये आम्स्टरडामच्या उत्सवात वाजले. संपूर्ण रचना त्याच्या मायदेशात केव्हा ऐकावयास मिळाली ते पुढे सांगू. ‘एरियल’ नावाच्या बॅलेचीही अशीच कथा. कथानक कवी फोइशचे, नेपथ्य जोआन मिरो या चित्रकाराचे, अशी जोडी जमली होती. पण बॅले रंगमंचावर आला नाही. त्याचे संगीत तेवढे एप्रिल १९३६ मध्ये बार्सेलोनाच्या आंतरराष्ट्रीय उत्सवात वाजले.

त्या उत्सवास संगीताच्या इतिहासात मोठे स्थान आहे. १९ एप्रिल रोजी तेथे आल्बान बेर्गचा व्हायोलिन कॉन्चेर्तो प्रथम वाजला. स्वतः बेर्ग चार महिन्यांपूर्वी वारला होता. संचालनासाठी आलेला वेबर्न मित्रशोकाने इतका व्याकूळ झाला की तालमीत पहिल्या काही ओळींपुढे त्याचे पाऊल पडेना; अखेर त्याने माघार घेतली व हेर्मान शेर्खेनने अल्पावधीत तयारी करून प्रयोग पार पाडला. सगळ्या युरोपातील संगीतज्ञ त्या आठवड्यात बार्सेलोनात जमले होते, आणि या आतिथ्यात गेरहार्डचा मोठा वाटा होता. तीन महिन्यांनी सैन्याचे बंड झाले.

युद्धकाळात गेरहार्डने स्वायत्त शासनाच्या संगीतविषयक मंडळात काम केले. त्याचा धाकटा भाऊ कार्लेस हा कातालान विधिमंडळाचा सभासद होता. चर्चे व मठ जाळले जात असण्याच्या त्या दिवसांत मोन्सेर्रातचा प्राचीन मठ व त्यातील ग्रंथसंग्रह राखण्याची कामगिरी शासनाने या भावावर सोपविली, आणि ती त्याने युद्ध संपेपर्यंत निभावली. त्याच्या वाट्यासही पुढे परदेशच आला. तो मेक्सिकोत गेला. तेव्हा आपल्या पक्षातील माथेफिरूंपासून मठ वाचविणारा एक भाऊ व जुनी हस्तलिखिते सांभाळणारा दुसरा, हे दोघेही विजेत्यांच्या दृष्टीने सारखेच त्याज्य ठरले. गेरहार्डवर हद्दपारीचा कोणताही हुकूम बजावला गेला नव्हता, हे खरे. पण जेथे कातालान भाषेस शाळेतून, वृत्तपत्रांतून व सरकारदरबारातून उठविण्यात आले होते, तेथे त्या शासनाच्या सेवकाने परत येऊन राहावे तरी कशावर?

येथे आम्हांस एक भेद वाचकांच्या नजरेस आणावयाचा आहे. आपल्याकडचा गवई आश्रय सुटला तरी पुरता निराधार होत नाही, कारण त्याचे संगीत त्याच्या गळ्यात असते. अल्लादियाखाँसाहेब राजपुतान्यातून कोल्हापुरास आले ते आपली गायकी बरोबर घेऊनच. नवा राजा भेटला, नवे शिष्य भेटले, गाणे पुढे चालू झाले. पाश्चात्य स्वरकाराची गोष्ट अशी नाही. तो लिहितो ते कागदावर, आणि कागद स्वतः वाजत नाही. त्यास ऐंशी वादक लागतात, संचालक लागतो, छापणारा लागतो, आणि त्याची बोली ओळखणारे श्रोते लागतात. देश गेला म्हणजे हे सगळेच एकदम जाते. गेरहार्डजवळ उरली ती लेखणी. युद्धाच्या दिवसांत त्याने बार्सेलोनात ‘सुआरे द बार्सेलोन’ नावाचा बॅले लिहावयास घेतला होता. विषय पिरेनीज पर्वतातील सेंट जॉनच्या रात्रीच्या होळ्या, कथानक स्वायत्त शासनाचा मंत्री व कवी व्हेन्तुरा गास्सोल याचे. परदेशात ज्या मंडळीसाठी तो लिहिला गेला तिचा बेत महायुद्धामुळे बारगळला, आणि त्याचे वाद्यलेखन अपुरेच राहिले.

केंब्रिजला त्यास आणले ते तेथील संगीताचे प्राध्यापक एडवर्ड डेंट यांनी. डेंट हे समकालीन संगीत संघाचे संस्थापक-अध्यक्ष. त्यांच्या खटपटीने किंग्ज कॉलेजची एक संशोधनवृत्ती मिळाली. ती फार दिवस पुरणारी नव्हती. मग नभोवाणीसाठी, नाटकांसाठी, पुढे चित्रपटांसाठी संगीत पुरवून त्याने चरितार्थ चालविला. स्पेनमध्ये ‘सार्सुएला’ नावाचा गद्य संवाद व पदे यांनी मिश्र असा लोकप्रिय नाट्यप्रकार आहे. आमच्या संगीत नाटकाचा तो दूरचा भाऊ म्हणता येईल. त्यातील गाजलेल्या चालींच्या माला वाद्यवृंदासाठी बांधून गेरहार्ड बीबीसीस देई, आणि त्यांवर स्वतःचे नाव न घालता ‘हुआन सेर्रायोंगा’ हे टोपणनाव घाली. सेर्रायोंगा हा सतराव्या शतकातील कातालोनियाचा प्रख्यात दरोडेखोर. दुसऱ्यांच्या चाली घेऊन पोट भरणाऱ्याने आपणांस दरोडेखोराचे नाव द्यावे, या विनोदात कडवटपणा किती व खेळकरपणा किती हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या समजुतीने खेळकरपणा अधिक असावा; कडवट माणसाच्या हातून त्याच वर्षांत ‘डुएन्ना’ उतरली नसती.

तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहिले पाहिजे. शेरिडनचे १७७५ चे हे इंग्रजी सुखान्त नाटक सेव्हिल शहरात घडते. केंब्रिजमधील जुन्या पुस्तकांत गेरहार्डला ते सापडले, आणि १९४५ ते १९४७ या काळात त्याने त्याची ऑपेरा केली. इंग्रज नाटककाराने कल्पनेने रंगविलेला स्पेन, आणि त्यास खऱ्या स्पेनचे संगीत देणारा, स्पेनमध्ये राहू न शकणारा स्वरकार. हट्टी बाप, पळून जाणारी मुलगी, ठकलेला म्हातारा वर, आणि या सगळ्यांस नाचविणारी ती रखवालदार दाई. लोकनृत्यांचे ठेके व बारा स्वरांची आधुनिक वीण या नाटकात अशी एकजीव झाली आहे की, कोठे एक संपून दुसरी सुरू होते हे बोट ठेवून दाखविता येत नाही. १९२९ च्या वादास गेरहार्डने दिलेले खरे उत्तर हेच होय. ते उत्तर ऐकावयास प्रतिपक्ष समोर नव्हता, एवढेच. १९४९ मध्ये ती बीबीसीवरून ऐकविली गेली, १९५१ मध्ये जर्मनीत व्हीसबाडेन येथे नाट्यप्रयोगावाचून गायिली गेली, आणि रंगभूमीवर प्रथम आली ती १९९२ च्या जानेवारीत माद्रिद येथे, गेरहार्डच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी.

परमुलखातील पहिल्या दहा वर्षांत तो सारखा मागे वळून पाहात होता असे दिसते. १९४१ मध्ये, पेद्रेलच्या जन्मास शंभर वर्षे झाली तेव्हा, त्याने गुरूच्या स्मरणार्थ एक सिंफनी लिहिली व तिच्यात त्या न खेळल्या गेलेल्या ‘ला सेलेस्तिना’चे स्वर गुंफले, शिष्याने गुरूचे श्राद्ध करावे ते असे. व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या मधल्या भागात दुसऱ्या गुरूच्या एका चतुष्टयातील स्वरक्रम त्याने तसाच उचलून ठेवला आहे. त्या सुमारास शोएनबर्ग सत्तरीस येत होता. ‘डॉन किहोते’ हा बॅले १९५० मध्ये लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये झाला, त्यात हेल्पमन व मार्गो फॉन्टेन नाचले. इंग्रज समीक्षकांनी या सर्वांचे कौतुक केले, पण एक रंगीबेरंगी परदेशी पाहुणा म्हणून. स्पेन म्हटले की गिटार व पंखा एवढेच त्यांस पाहिजे होते.

त्यानंतर घडले ते अनपेक्षित होय. १९५० च्या पुढे त्यास हृदयविकार जडला, आणि वयाच्या साठीच्या आसपास, ज्या काळात कलावंत बहुधा स्वतःचीच पुनरावृत्ती करू लागतात, त्या काळात तो एकदम पुढे निघून गेला. स्वरांचा क्रम लावतो तसाच कालमात्रांचाही क्रम लावावयाचा, अशी गुरूच्या पद्धतीची वाढ त्याने केली. १९५५ मध्ये बाडेन-बाडेन येथे वाजलेल्या पहिल्या सिंफनीत ओळखीच्या अर्थाने ‘चाल’ अशी उरलीच नाही. ध्वनींचे पुंज जमतात, दाटतात, विरतात. घरी ध्वनिफिती कापून व जोडून तो विद्युत्-संगीत करू लागला. इंग्लंडात हा मार्ग चोखाळणाऱ्या पहिल्या स्वरकारांत त्याची गणना होते. १९५५ मधील ‘किंग लिअर’च्या प्रयोगास त्याने असेच संगीत दिले, आणि १९५९ मध्ये लोर्काच्या वृषभयोद्ध्यावरील विलापिकेस. तिसऱ्या सिंफनीत वाद्यवृंदाबरोबर ध्वनिफीतही वाजते. विमानातून पाहिलेल्या सूर्योदयापासून ती सुचली असे तो सांगे. १९५९ साली विल्यम ग्लॉक हे बीबीसीच्या संगीतविभागाचे प्रमुख झाले व नव्या संगीतास तेथे दार उघडले, याचाही या बहरास हातभार लागला हे विसरता कामा नये. प्रतिभा एकटी पुरत नाही. कोणीतरी वाद्यवृंद द्यावा लागतो. १९६५ मध्ये वाद्यवृंदाचा कॉन्चेर्तो बॉस्टनला वाजला, १९६७ मध्ये चौथी सिंफनी न्यूयॉर्कला. त्याच साली ब्रिटिश सरकारने त्यास सन्मानपदवी दिली.

या काळातील ‘प्लेग’ ही आल्बेर काम्यूच्या कादंबरीवरील कृती आमच्या मते त्याच्या सर्व रचनांत हृदयास अधिक भिडणारी. १९६४ मध्ये ती प्रथम झाली. एक निवेदक साध्या, जवळजवळ वैद्यकीय आवाजात शहरातील घडामोडी सांगतो. गायकवृंद गात नाही इतका कुजबुजतो व ओरडतो. वाद्ये उंदरांसारखी सरसरतात. काम्यूची आई मिनोर्का बेटाकडच्या घराण्यातील, म्हणजे कातालान बोलणाऱ्यांच्या रक्ताची. आणि तो स्वतः स्पेनच्या प्रजासत्ताकाचा जन्मभर कैवारी. शहराची दारे बंद झाली, आतला बाहेर व बाहेरचा आत जाऊ शकत नाही, प्रिय माणसांची ताटातूट झाली, हे कादंबरीत रूपक आहे. संगीत देणाऱ्यास त्यातला शब्दन् शब्द अनुभवाचा होता. इतक्या वर्षांत त्याने आपल्या देशावर उघड शोकगीत असे लिहिले नाही. लिहिले ते परक्याच्या कादंबरीच्या आडून लिहिले.

गेरहार्डविषयी दोन मते ऐकू येतात. एक असे की, देश सुटला नसता तर तो कातालोनियाचा बार्तोक झाला असता, हद्दपारीने त्याचा घात केला. दुसरे असे की, मायदेशाच्या मर्यादित वातावरणातून सुटला म्हणूनच तो जागतिक पदवीस पोचला. दुसरे मत आम्हांस विशेषच खटकते. जुलमाचे असे उपकार मानण्याची रीत पडली तर कोणताही जुलमी आपल्या नावे दहापाच थोर पुरुष दाखवील. आणि वस्तुस्थिती तरी काय आहे? ‘राजा जाउमे’ची रचना १९३२ ची, ती समग्र प्रथम ऐकू आली १९८४ मध्ये, बार्सेलोनात. बावन्न वर्षे ती कागदावर पडून होती. १९३२ साली वीस वर्षांचा असलेला श्रोता तोवर बहात्तर वर्षांचा झाला होता. शब्द लिहिणारा कार्नेरही परागंदाच. तो ब्रुसेल्सला वारला, तोही १९७० सालीच, गेरहार्डच्या मागून पाच महिन्यांनी. त्या बावन्न वर्षांत जी पिढी ही कृती ऐकून शिकली असती, तिच्याशी भांडली असती, तिच्याहून निराळे काही करू गेली असती, ती पिढी तशी घडलीच नाही. नुकसान झाले ते गेरहार्डचे थोडे व कातालोनियाचे फार. पहिल्या मतात हा भेद केला जात नाही, म्हणून तेही आम्हांस अपुरे वाटते.

बार्सेलोनात त्याचा एक शिष्य मागे राहिला होता, जोआकिम ओम्स. १९३१ ते १९३६ पर्यंत तो त्याच्याकडे शिकला. प्रतिकूल वर्षांत तो नव्या पद्धतीच्या रचना करीत राहिला, गुरूशी संबंध राखून राहिला, आणि उतारवयात त्याने गुरूच्या कार्यावर ग्रंथ लिहिला. परंपरा पुष्कळदा अशा एकाच बारीक धाग्यावर लोंबकळत राहते, आणि इतिहासकार मोठ्या वाद्यवृंदांची नोंद करताना तो धागा विसरतो.

आयुष्याच्या अखेरच्या पाच वर्षांत गेरहार्डने राशींची नावे दिलेल्या तीन रचना केल्या: ‘जेमिनी’, ‘लिब्रा’ व ‘लिओ’. तूळ ही त्याची स्वतःची रास, सिंह ही पोल्दीची. ‘लिब्रा’ १९६८ ची. थोड्याशा वाद्यांचे हे संगीत बराच वेळ तुटक, टोकदार, कोठे भांडखोर असे चालते. मग अगदी शेवटी एक साधीसुधी चाल येते. ती लोकगीताच्या वळणाची आहे आणि लहान मूल मागे राहून स्वतःशीच गुणगुणावे तशी उमटते. पुढच्या वर्षी त्याने ‘लिओ’ लिहिली. पत्नीच्या राशीच्या या रचनेच्या शेवटीही त्याने तीच चाल पुन्हा आणून ठेवली आहे. ‘लिओ’ ही त्याने पुरी केलेली अखेरची कृती होय. पाचवी सिंफनी त्याने सुरू केली होती, ती राहिली. केंब्रिजच्या ज्या लहानशा स्मशानभूमीत व्हिएन्नाहून आलेल्या विट्गेनस्टाइन या तत्त्वज्ञास पुरले आहे, तेथेच गेरहार्डलाही पुरले. पोल्दी त्याच्या मागे चोवीस वर्षे जगली, आणि त्याची हस्तलिखिते आता केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.